दाढ, दिवस आणि दवाखाना

मराठी भाषेत दातांना फार मान आहे. कोणी उगाच हसलं की आपण विचारतो, ‘दात काय काढतोस?’ कोणावर राग असला की त्याच्यावर ‘दात धरून’ बसतो. ज्युनिअर्सना एकच गोष्ट दहादा समजावून सांगितली की ‘दातांच्या कण्या’ होतात आणि व्हायवाला एक्स्टर्नल समोर येऊन बसले की भल्याभल्यांची ‘दातखीळ’ बसते. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं माझं ‘टूथ’ या एका शब्दावर भागलं. मराठीत मात्र दात वेगळा, दाढ वेगळी, सुळा वेगळा आणि अक्कलदाढ तर त्याहून वेगळी! (ती आली की अक्कल येते म्हणतात. आमच्या हॉस्टेलवर याचा पुरावा अजून सापडलेला नाही.)

पण मित्रमैत्रिणींनो, दातांना भाषेत एवढा मान देणारे आपण दाताच्या दुखण्याला मात्र दुखणं मानायला तयार नसतो. ताप आला तर डॉक्टर, पोट बिघडलं तर डॉक्टर, साधा पाय मुरगळला तरी डॉक्टर. दाढ दुखली तर? लवंग! लवंगेनं थांबलं नाही तर मेडिकलमधली गोळी. गोळीनं थांबलं नाही तर दुसऱ्या रंगाची गोळी. आणि तोवर दाढ आतल्या आत आपलं काम चोख करत असते. हे सगळं मी गेल्या हिवाळ्यात माझ्या मामीच्या बाबतीत जवळून पाहिलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझं आजोळ वडगाव रासाई. शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. गावात रासाईदेवीचं देऊळ, आणि देवळापासून नदीपर्यंत नजर जाईल तिकडे ऊस. सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला की मी कपड्यांची बॅग भरते आणि पुणे-दौंड गाडीनं केडगावला उतरते. तिथं मामा गाडी घेऊन उभा असतो. डिसेंबरमध्ये तिकडे ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, रानाच्या कडेला तोडणी मजुरांच्या कोप्या आणि हवेत पाचट जाळल्याचा वास.

यावेळी घरात पाऊल ठेवलं आणि पाहिलं, तर मामीनं पदर गालावरून घट्ट ओढून घेतला होता. मला वाटलं थंडी वाजतेय. पदर सरला तेव्हा दिसलं, उजवा गाल लिंबाएवढा सुजलेला.

“काय न्हाय गं, दाढ हाय जरा,” मामी म्हणाली.

‘जरा’ म्हणजे किती, ते मी हळूहळू काढून घेतलं. दसऱ्याच्या सुमारास गार पाणी प्यायलं की खालच्या दाढेतून कळ यायची. मग गोड खाल्लं की. मग काही न खाता. दिवाळीच्या आधी तीन रात्री तिला झोप नव्हती, भिंतीला टेकून बसून काढल्या. चौथ्या दिवशी कळ आपोआप थांबली. मामीनं सुटकेचा श्वास सोडला, फराळाचं केलं, आणि दाढ ‘बरी झाली’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दीड महिन्यानं गाल सुजला.

इथं मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलून घेते. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. त्याच्या आत थोडा मऊ थर, आणि त्याच्याही आत एक छोटी पोकळी. त्या पोकळीत नस आणि रक्तवाहिन्या असतात. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल कवचाला भोक पाडतं आणि जंतू आत शिरतात. शरीरात इतरत्र जंतुसंसर्ग झाला तर ती जागा सुजते, फुगते. दाताच्या आतल्या भिंती मात्र दगडासारख्या! फुगायला जागाच नाही. म्हणजे शिट्टी बंद केलेला प्रेशर कुकर. आतला दाब वाढत जातो आणि नस दाबली जाते, म्हणून ती जीवघेणी कळ. पुढे दाबानं आणि जंतूंनी नस मरते. नस मेली की कळ थांबते. मशीनमधला अलार्म वाजायचा बंद झाला म्हणजे बिघाड दुरुस्त झाला का? वायर जळाली असंही असू शकतं की! जंतू आता बिनबोभाट मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथं पू साठू लागतो.

मामीची दिवाळी सुखात गेली ती या मेलेल्या नसेमुळे.

सूज आल्यावर मामीनं मेडिकलमधून गोळ्या आणवल्या होत्या. तीन दिवसांत सूज उतरली, तिनं गोळ्या थांबवल्या. आठ दिवसांनी सूज परत. पुन्हा गोळ्या. यातही गंमत अशी, की गोळीतलं औषध रक्तातून फिरतं. मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्त जातच नाही, मग औषध तिथं पोहोचणार कसं? ते आजूबाजूची आग थोडी विझवतं, पण आगीचं घर आत तसंच राहतं. दात उघडून आतली घाण काढणं, नाहीतर दातच काढणं, याशिवाय तिसरा इलाज नाही. शिवाय अर्धवट घेतलेल्या गोळ्यांना जंतू सरावतात ते वेगळंच.

आजीकडे अर्थात इलाज तयार होता. तिच्या लहानपणी दाढेतली ‘कीड’ पाडणारे लोक गावोगाव फिरायचे. रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात द्यायची आणि मग पांढऱ्या अळ्या काढून दाखवायच्या. आजीनं त्या ‘स्वतःच्या डोळ्यांनी’ पाहिल्यात! दातात अळी असते हा समज जगभर होता. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ साली दंतचिकित्सेवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात अळीची कल्पना नाकारली. दात बिघडण्यामागे साखर आहे, असंही त्यानं सांगितलं. म्हणजे आजीच्या अळीला तीनशे वर्षांपूर्वीच उत्तर मिळालं होतं, फक्त ते भीमेकाठी पोहोचलं नव्हतं. शब्द मात्र आपण अजून ‘कीड’ हाच वापरतो. आजीची लवंग मात्र मला मान्य आहे. लवंगेच्या तेलातला युजेनॉल डॉक्टरही वापरतात. पण तो कळ मारतो, जंतूंचं घर मोडत नाही. मामीची मिश्री तर त्याहून वाईट. तंबाखू भाजून हिरडीला चोळली की जरा बधिर वाटतं, म्हणून बायका ती जास्तच चोळतात, आणि त्यातून तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण.

मग मी विचारलं, “इतके दिवस दवाखान्यात का नाही गेलीस?” मला वाटलं होतं, पैसे नाहीत असं उत्तर येईल. पैशाचं होतंच. मामानं बाजाराच्या दिवशी एका खासगी दवाखान्यात चौकशी केली होती. रूट कॅनाल आणि वर टोपी मिळून सात-आठ हजार.

“तेवढ्यात एक शेळी येती,” मामी म्हणाली.

पण पुढं तिनं जे सांगितलं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. पहाटे पाचला उठून धारा काढायच्या, सातच्या आत दूध डेअरीवर. नऊला कांद्याच्या लागणीला जायचं. लागण सावडीवर चालते, म्हणजे आज आपण हिच्या रानात, उद्या ती आपल्या रानात. एक दिवस चुकवला की तो फेडावा लागतो. संध्याकाळी परत धारा. मामाची शेतपंपाची वीज या आठवड्यात रात्रीची, तो पहाटेपर्यंत दारं धरतो आणि सकाळी झोपतो, मग गाडीवर नेणार कोण? आणि त्यात आपल्या उसाला टोळी कधी येईल याचा नेम नाही. टोळी आली आणि घरात कोणी नसलं तर नंबर पुढं जायचा.

“डाक्टर फुकट दिल गं,” मामी म्हणाली, “दिस कोन दिल?”

मी गप्प बसले. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात एवढा अवघड प्रश्न आला नव्हता.

रात्री मी माझ्या रूममेटला फोन लावला. तिची मोठी बहीण बीडीएस करतेय. ताईनं इकडचं तिकडचं काही न बोलता चार प्रश्न विचारले. ताप आहे का? तोंड किती उघडतं, तीन बोटं उभी आत जातात का? गिळताना त्रास होतो का? सूज जबड्याच्या खाली, मानेकडे किंवा वर डोळ्याकडे सरकतेय का? मी मामीला तोंड उघडायला लावलं. दोन बोटं जेमतेम गेली. अंगात कणकण होती. गिळायला त्रास नव्हता, सूज मानेत नव्हती.

“उद्या सकाळी म्हणजे उद्या सकाळी,” ताई म्हणाली. “आणि रात्रीत गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयात जा.” खालच्या दाढेचा पू जबड्याखालच्या मऊ भागात पसरला तर जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला लुडविग अँजायना म्हणतात. दाढेनं माणूस मरतो, हे त्या रात्री मी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं.

सकाळी आजीनं धारांचं बघितलं, सावडीवाल्या काकूंना मी स्वतः जाऊन सांगितलं की मामीचा दिवस मी फेडीन (आणि फेडला! कांदा लावून कंबर कशी जाते ते विचारू नका), आणि मामाच्या ॲक्टिव्हावर मामीला मागे बसवून आम्ही तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात गेलो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझ्या घरातल्या कोणालाच ती नीट माहीत नव्हती. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळीकडे. केसपेपरचेही पैसे नाहीत. मामी हातात शंभराची नोट घट्ट धरून खिडकीपाशी उभी होती. खिडकीतल्या माणसानं पैसे मागितले नाहीत, तेव्हा ती नोट पुन्हा कनवटीला लावताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

रांगेत आमच्या मागे एक बाई होती. ऊसतोडीला आलेली, मराठवाड्याकडची. तोंडाला फडकं बांधलेलं, तिचीही दाढच. सारखी दाराकडे बघत होती. मामीनं विचारलं तेव्हा कळलं, की ट्रॉली दुपारपर्यंत भरायची आहे आणि ती परत गेली नाही तर ‘खाडा’ लागेल. खाडा म्हणजे काय ते मला मामीनं समजावलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्यावर हंगामाची उचल घेतलेली. ज्या दिवशी कामाला हात लागला नाही, त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही पडतो. म्हणजे आजारी पडायचे पैसे त्या बाईनं स्वतःच द्यायचे!

“बाय, तू जा आधी,” मामी म्हणाली. दसऱ्यापासून स्वतःच्या दाढेला एक दिवस न दिलेल्या माझ्या मामीनं आपला नंबर तिला देऊन टाकला. ती बाई आत गेली, पंधरा-वीस मिनिटांनी गालात कापूस धरून बाहेर आली, हात जोडले आणि जवळजवळ पळतच गेटकडे गेली. दाढ काढली होती. तासभर बसा म्हणून नर्स मागून सांगत होत्या.

मग आमचा नंबर. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, फार तर तीस वर्षांच्या. “मावशी, कधीपासून दुखतंय?” त्यांनी विचारलं. मामी म्हणाली, “दसऱ्यापासनं.” मॅडमनी एक छोटा एक्स-रे काढला. त्यात दाढेच्या मुळाशी काळा डाग दिसत होता, तेवढं हाड जंतूंनी पोखरलेलं. दाढ उघडून त्यांनी आतला पू वाट काढून बाहेर येऊ दिला. कुकरची शिट्टी अखेर उघडली! मामीच्या कपाळावरची आठी माझ्यासमोर उतरली.

“आता दोन रस्ते आहेत,” मॅडम म्हणाल्या. “सूज ओसरली की चार दिवसांनी या, मी दाढ काढून देते. किंवा रूट कॅनाल करा, दाढ वाचेल. पण त्याला पुण्याला डेंटल कॉलेजला जावं लागेल, तीन-चार खेपा होतील, वर टोपी बसवावी लागेल.”

मामीनं एक क्षणही घेतला नाही. “काढा.”

मी मध्येच बोलले, “मामी, वाचतेय तर वाचवू ना! मी येते बरोबर.” मी हे बोलायचं कारण म्हणजे मी स्वतः या रस्त्यानं गेले होते. सेकंड इयरला माझ्या दाढेचं रूट कॅनाल पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजमध्ये झालं. खासगी दवाखान्याच्या मानानं खर्च कितीतरी कमी. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा विद्यार्थी काम करत होता आणि प्रत्येक पायरीला त्याच्या मॅडम येऊन तपासत होत्या. खाजगीत अर्ध्या तासात होणाऱ्या कामाला तिथं दोन तास लागायचे. मला त्याचं काहीच वाटलं नाही. चार खेपा, चार लेक्चर बुडाली, कोणीतरी प्रॉक्सी मारली (सरांनी हे वाक्य वाचू नये), आणि दाढ वाचली.

मामीच्या चार खेपा म्हणजे काय? चार दिवसांच्या धारा, चार दिवसांची सावड, चार वेळा केडगावला सोडायला नि आणायला कोणीतरी. मी मनातल्या मनात बेरीज केली आणि गप्प झाले. जंतू तेच, दाढ तीच, विज्ञान तेच. माझी दाढ तोंडात राहिली आणि मामीची चार दिवसांनी स्टीलच्या ट्रेमध्ये पडली. आमच्या दोघींत फरक होता तो फक्त दिवसांचा. माझे दिवस रिकामे होते, तिचे मोजलेले.

मॅडम हात धुताना सहज बोलल्या, “दसऱ्याला आला असतात मावशी, तर नुसतं सिमेंट भरून एका खेपेत काम झालं असतं.”

एक खेप! म्हणजे दिवस वाचवायला म्हणून मामी थांबली आणि थांबल्यामुळेच दिवस वाढले. पहिल्या महिन्यात एका खेपेचं काम, दुसऱ्यात चार खेपांचं, तिसऱ्यात दाढच गेली. आणि त्याही पुढे गेली असती तर? व्याजाचा असा दर कुठल्या सावकारानंही लावला नसेल.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी याविषयी वाचत बसले, आणि एका मुलाची हकीकत वाचून दोन दिवस अस्वस्थ होते. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात डिआमाँटे ड्रायव्हर नावाचा बारा वर्षांचा मुलगा राहायचा. घरची परिस्थिती बेताची, गरिबांसाठीचा सरकारी विमा मध्येच खंडित झालेला. त्याच्या आईला धाकट्या भावाच्या किडलेल्या दातांसाठी डेंटिस्ट मिळता मिळत नव्हता, आणि त्या शोधात डिआमाँटेच्या दाढेकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. त्याचं डोकं दुखू लागलं तेव्हा दाढेतले जंतू मेंदूपर्यंत पोहोचले होते. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. २५ फेब्रुवारी २००७ ला तो गेला. ती दाढ वेळेवर काढायला साधारण ८० डॉलर लागले असते. त्याच्या उपचारांवर सुमारे अडीच लाख डॉलर खर्च झाले. त्यानंतर तिथं मोठी ओरड झाली, आणि २००९ साली मुलांच्या सरकारी विम्यात दातांचे उपचार कायद्यानं घालावे लागले.

म्हणजे हा प्रश्न वडगावचाच नाही, जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातही तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात जवळपास ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत. जगाची निम्मी लोकसंख्या! एवढा मोठा आजार, आणि आपण त्याला म्हणतो ‘दाढ हाय जरा’.

आता हॉस्टेलवासीयांनो, तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? संबंध आहे. अक्कलदाढ येते ती सतरा ते पंचवीसच्या वयात, म्हणजे नेमकी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत (ज्यांची पाच-सहा होतात त्यांच्यासाठीही तेवढीच लागू). ती अर्धवट बाहेर येते, हिरडीची झडप तिच्यावर राहते, खाली रात्री दोनला खाल्लेली मॅगी अडकते आणि जंतूंची मेस सुरू होते. हे दुखणं सबमिशनच्या आठवड्यातच का उपटतं यावर कोणीतरी प्रोजेक्ट करावा. अशावेळी आपल्या मजल्यावर काय होतं? कोणीतरी लवंग आणून देतं, कोणीतरी उरलेल्या गोळ्यांची पट्टी देतं, कोणीतरी हिरडीवर ॲस्पिरीन ठेवायला सांगतं. (ते तर मुळीच करू नका, हिरडी भाजते.) आणि ‘पेपर झाले की बघू’ असं ठरतं. मामीच्या ‘लागण झाली की बघू’मध्ये आणि आपल्या ‘पेपर झाले की बघू’मध्ये मला तरी काही फरक दिसत नाही.

म्हणून थोडक्यात, जे मला कळलं ते सांगते. गार-गरम झोंबायला लागलं, तीच जायची वेळ. तेव्हा काम एका खेपेचं असतं आणि स्वस्तही. कळ आपोआप थांबली तर खूश होऊ नका, उलट लवकर जा. दुसऱ्याच्या गोळ्या घेऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेल्या मध्येच सोडू नका. ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, मानेकडे किंवा डोळ्याकडे जाणारी सूज, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वासाला त्रास असेल तर त्याच क्षणी.

आणि जायचं कुठे? पुण्यात भारती विद्यापीठ, डी. वाय. पाटील, रंगूनवाला, सिंहगड अशी डेंटल कॉलेजेस आहेत. (सिंहगडचं कॉलेज वडगाव बुद्रुकला आहे. मामीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे वडगावातनं निघून वडगावातच जायचं व्हय!”) मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, आणि मुंबई, नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर इथं सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. शिरूर-दौंडकडच्या मंडळींसाठी न्हावरे आणि शिरूरला ग्रामीण रुग्णालय, दौंडला उपजिल्हा रुग्णालय, आणि पुण्यात औंधला जिल्हा रुग्णालय. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात तेवढं आधी फोन करून विचारा, म्हणजे एक खेप वाया जाणार नाही.

पण खरं सांगू? पत्ते कळले म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. मामीपासून ग्रामीण रुग्णालय काही सातासमुद्रापार नव्हतं. उपचार फुकट होते. कमी होता तो एक मोकळा दिवस आणि बरोबर येणारं एक माणूस. सरकारनं केसपेपर फुकट केला, चांगलंच केलं. दिवस फुकट करणं सरकारला जमलेलं नाही. त्या ऊसतोडीच्या बाईचा खाडा माफ करणारी खिडकी मला त्या रुग्णालयात कुठे दिसली नाही. आपल्या देशात औषधापेक्षा रजा महाग आहे.

आणि दिवस कोणाकडे आहेत? आपल्याकडे! सेमिस्टर संपल्यावर आपण घरी जाऊन काय करतो, ते आपल्याला चांगलंच माहीत आहे. दुपारी बाराला उठतो. मोबाईल आहे, गाडी चालवता येते, फॉर्म वाचता येतो, डॉक्टरांना प्रश्न विचारता येतो. आपली सुट्टी ही घरातली एकमेव न मोजलेली वस्तू आहे. त्यातला एक दिवस काढून घरातल्या बायामाणसांना विचारायचं, गार पाणी झोंबतं का? एका बाजूनंच का चावतेस? त्या ‘काय न्हाय गं’ म्हणतील. ते उत्तर समजू नका. पदर बाजूला करून बघा, आणि धारांची, सावडीची, दुकानाची, जी काही सोय लागेल ती करून गाडीला किक मारा.

मामी आता डाव्या बाजूनं जेवते. भाकरीचा कडक पापुद्रा तिला फार आवडायचा, तो ती आता दुधात कुस्करते. मी पुण्याला निघाले तेव्हा तिनं डबा हातात दिला आणि म्हणाली, “उन्हाळ्यात येशील तवा तुझ्या आजीलाबी न्हे बाई. ती बोलत न्हाय, पर तिचीबी एक हलतीय.”

परीक्षा मे महिन्यात संपते. पहिला सोमवार आजीच्या नावानं मी कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवलाय.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी